आगीतून वाचलेला कोट

मणीकाकूंचं खरं नाव कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते विचारण्याची कुणाची छातीही नव्हती. कारखान्याच्या मालकीण मॅडम कपडे बेतत, त्या कपड्यांवर मणी जडवायचं काम यांचं, म्हणून मणीकाकू. तिसऱ्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांची लाकडी चौकट असे आणि तिच्यावर कापड ढोलासारखं ताणलेलं असे. त्या चौकटीला दुसऱ्याची बाही लागलेलीसुद्धा त्यांना खपत नसे. कुणी जवळून गेलं की मान वर न करता विचारत, "रस्ता काय इकडूनच आहे का?" नव्या मुली पहिल्या आठवड्यात हमखास रडत. कुणी वाकडा टाका घातला तर काकू ओरडत नसत. कात्रीनं तेवढाच दोरा कापून सगळे मणी जमिनीवर सांडून देत आणि म्हणत, "वेच."

त्यांचं जमायचं ते एकट्या वाफ्याशी. वाफ्या म्हणजे कारखान्याचा इस्त्रीवाला. अंगानं किडकिडीत, चाळिशी उलटलेला, दिवसभर वाफेत राहून चेहरा कायम धुतल्यासारखा. मणी लावलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवणं म्हणजे खेळ नव्हे. उष्णता जरा जास्त झाली की टिकल्या सुकल्या पानासारख्या वळतात. वाफ्या खाली मऊ टॉवेल घाले, कपडा पालथा टाकी आणि इस्त्री न टेकवता नुसती वाफ सोडी. काकू शेजारी उभ्या राहत. सुरुवातीला एकदा तो इस्त्री चालू ठेवून बिडी ओढायला गेला होता आणि एका अस्तरावर बदामाएवढा तपकिरी डाग पडला होता. त्या दिवशी काकूंनी त्याला असं काही फैलावर घेतलं, की तेव्हापासून तो काम संपलं की आधी प्लग काढायचा, वायर गुंडाळायचा आणि गुंडाळलेली वायर काकूंना लांबून दाखवायचा. काकू मान हलवत. एवढीच त्यांची मैत्री, पण वर्षानुवर्षांची.

मॅडम भली बाई होती, निदान बोलायला. काम चांगलं झालं की "आपण केलं" म्हणायच्या आणि उसवायचं असलं की "तुम्ही केलंत". काकूंना त्याचं काही वाटत नसे. मॅडमच्या डोक्यातलं काही दिसायचं नाही आणि आपल्या हातातलं दिसतं, एवढा हिशेब त्यांना पुरे होता.

मग तो कोट आला.

खरं तर तो काकूंचाच. खिडकीबाहेरच्या कठड्यावर पारवे बसत. एकदा सकाळच्या उन्हात एकानं मान फिरवली आणि राखाडी गळ्यावर हिरवं चमकून लगेच जांभळं झालं. काकू सुई हातात धरून बघत राहिल्या. मॅडम मागून येत होत्या. त्यांना काकूंनी ते दाखवलं. मॅडमनी थंडीच्या कपड्यांचा अख्खा संच त्याच रंगात करायचं ठरवलं आणि त्यातला मुख्य लांब कोट काकूंकडे दिला. पुढे मुलाखतीत मॅडम सांगू लागल्या, की लहानपणी गच्चीवर पारव्यांना दाणे टाकताना त्यांना हा रंग दिसला होता. काकूंनी ते वाचलं आणि टाकून दिलं. रंग कुणाला का दिसेना, उतरवायचा त्यांनाच होता.

तो कोट त्यांच्या अंगात भिनला. कॉलरपासून पाठीच्या मध्यापर्यंत राखाडी, मग हिरव्याची नुसती चाहूल, मग जांभळा, आणि उभं राहायची जागा बदलली की सगळं उलटंपालटं. एक एक मणी तिरपा बसवायचा. घरी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी एकदा म्हणाली, "आई, माझ्या ड्रेसच्या कॉलरवर तरी काहीतरी काढ. कॉलरपुरतंच." काकू म्हणाल्या, "बघू." ते बघणं राहिलंच. मुलीनं भाड्याचा ड्रेस आणला, त्याची बाही दंडाला सैल होत होती, ती आतून टाचणीनं दुमडून लग्न उरकलं. फोटोत काकू बसल्या आहेत, पण लक्ष फोटोत नाही.

कोट झाला. वाफ्यानं वाफ दिली. संचातल्या बाकी कपड्यांबरोबर तो गावाबाहेरच्या गोदामात गेला. कपड्यांच्या शोला अजून वेळ होता आणि कारखान्यात जागा नव्हती. त्याच गोदामात इतरांचाही माल होता: चामड्याच्या पर्सा, बूट, अत्तराच्या बाटल्या. शनिवारी वाफ्या तिथे जाऊन सगळ्या कपड्यांना शेवटचा हात देऊन आला.

रविवारी दुपारी काकू कपडे वाळत घालत होत्या. वाफ्याचा फोन आला.

"काकू, बसून घ्या."

"बोल."

"गोदाम पेटलंय."

काकूंनी हातातला ओला शर्ट तसाच बादलीत टाकला आणि बस धरली.

गोदामापाशी दोरी लावली होती आणि दोरीपाशी माणसंच माणसं. आत अत्तराच्या बाटल्या फटाफट फुटत होत्या. धुराबरोबर गुलाबाचा, चंदनाचा, कसला कसला वास सुटला होता, त्यात चामडं जळल्याचा. लोकांनी आधी नाकाला रुमाल लावले आणि मग हळूच काढले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "आज फुकटात सगळी गल्ली नटली बघ." शेजारीण हसली. काकू दोरीखालून वाकून आत निघाल्या, तेव्हा आग विझवणाऱ्या एका जवानानं त्यांचा दंड धरला.

"आजी, कुठे? तुमचं कुणी आहे का आत?"

"आहे."

त्याचा चेहरा बदलला. "कोण? कुठल्या बाजूला?"

वाफ्या मागे उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"कुणी नाही," काकू म्हणाल्या.

"मग मागे व्हा. उगाच आमचा वेळ घेऊ नका."

त्या मागे झाल्या. तेवढ्यात मॅडमची गाडी आली. मॅडम उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. कुणीतरी फोटो काढला. मॅडमना दोरीच्या आत खुर्ची मिळाली.

काकू घरी आल्या तेव्हा मुलगी आणि जावई आलेले होते. काकूंचा नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर, स्वभावानं गमत्या. तो म्हणाला, "अगं, जळले ते कपडे. तू कशाला जळतेस?" आणि स्वतःच हसला. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या. मुलीनं चहा आणून समोर ठेवला.

"तो पारव्याचा कोटपण गेला?"

"गेला."

"बरं झालं," मुलगी म्हणाली. रागानं नाही, भाजी घेताना दर बरा लागला म्हणून सांगावं तशी. मग कप आईच्या आणखी जवळ सरकवून आत गेली. जावई फोनमध्ये बघत राहिला.

सोमवारी कारखान्यात चौकशीला विमेवाले यायचे होते. सगळ्यांना दुसऱ्या मजल्यावर बसवलं होतं. मॅडम मधोमध, डोळे सुजलेले, दोन्ही बाजूंना दोन मैत्रिणी. काकू आतापर्यंत रडल्या नव्हत्या. पण मॅडमच्या टेबलावर कोटाचा जुना फोटो उभा केलेला त्यांना दिसला आणि त्या आवाज काढून रडायला लागल्या. रडण्याची सवय नसलेलं माणूस रडतं तसं, घशातून घरघर करत.

मॅनेजर झटकन त्यांच्यापाशी आला. "काकू, प्लीज. मॅडमना त्रास होतोय. त्यांचं केवढं गेलंय, आणि तुम्हीच असं करायला लागलात तर कसं? बाहेर जाऊन तोंड धुऊन या."

काकू बाहेर गेल्या, तोंड धुतलं, परत आल्या. त्यांची खुर्ची कुणीतरी घेतली होती. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

विमेवाल्यानं विचारलं, "शनिवारी शेवटी आत कोण होतं?"

"मी," वाफ्या म्हणाला.

"इस्त्री घेऊन?"

"हो. पण काम झाल्यावर प्लग काढला होता."

"नक्की आठवतंय? कधी विसरणं वगैरे होतं का?" त्यानं सगळ्यांकडे बघितलं.

"विसरतो तो," दारातून काकू म्हणाल्या. "मागे एकदा अस्तर जाळलंय त्यानं."

त्यांनी हे का म्हटलं, ते पुढे त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या क्षणी मात्र बरं वाटलं होतं. कुणाच्या तरी अंगावर काहीतरी फेकून मारलं आणि ते लागलं, तसं.

वाफ्या वळला. "काकू, वायर गुंडाळून कपाटावर ठेवली होती मी. ती सवय तुम्हीच लावलीत मला."

त्याला त्याच दिवशी जायला सांगितलं. त्यानं आपला मऊ टॉवेल घडी करून पिशवीत घातला आणि मागच्या जिन्यानं उतरला. काकूंनी चौकटीवर कोरं कापड ताणायला घेतलं होतं. पावलं ऐकू आली तरी त्यांनी मान वर केली नाही.

पुढे कळलं, की आग दुसऱ्याच टोकाला लागली होती, अत्तरवाल्याच्या बाजूला, भिंतीतल्या जुन्या वायरीत. मॅनेजरनं हे दुसरंच काही सांगताना मधेच सांगितलं.

"मग वाफ्याला बोलावणार?" काकूंनी विचारलं.

"आता नवीन माणूस ठेवला ना. आणि काकू, नाव तुम्हीच घेतलं होतंत. मॅडम तर त्याला ओळखतसुद्धा नव्हत्या." तो हे अगदी समजुतीनं म्हणाला. काकूंनी सुईत दोरा ओवला. तिसऱ्या प्रयत्नात गेला.

इकडे मॅडमचं दुःख मोठं होत गेलं. गुडघ्यांवर बसलेला तो फोटो सगळीकडे छापून आला. फुलं आली, पत्रं आली, टीव्हीवाले आले. पूर्वी ज्यांनी मॅडमचं नाव ऐकलं नव्हतं, ती माणसं हळहळू लागली. मॅडम काळे साधे कपडे घालू लागल्या, ते त्यांना शोभतही होते. एका कलादालनानं विचारलं, की आगीतून जे काही वाचलं असेल ते मांडून दाखवता येईल का. वाचलं होतं काय? हँगरचे आकडे, चेनच्या पट्ट्या आणि काचमण्यांचा वितळून झालेला एक काळा गोळा.

मॅडम स्वतः तिसऱ्या मजल्यावर आल्या. काकूंच्या चौकटीपाशी स्टूल ओढून बसल्या, तसं कधी बसल्या नव्हत्या.

"काकू, आपला पारवा परत करायचा."

काकूंच्या हातापायांत जीव आला. "करते," त्या म्हणाल्या. "आजच कापड लावते."

"पण सगळा नाही हं. डावी बाजू आणि पाठ अर्धी. उरलेलं जाळायचंच आहे, मग ते करायचं कशाला?"

काकूंना आधी नीट कळलं नाही. मॅनेजरनं समजावून सांगितलं: एक कोट आगीतून अर्धा वाचला होता, असं म्हणायचं. वाचायला हवाच होता की एखादा. आता नव्हता वाचला, त्याला काय करणार, आपण वाचवायचा. बाहेर कुठे बोलायचं नाही.

काकूंनी होय म्हटलं. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. पहिल्या कोटात त्यांचं काय काय चुकलं होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. हिरवा जरा लवकर सुरू झाला होता. खांद्याच्या वळणावर मणी दाटले होते. आता ते चुकणार नव्हतं. डोळ्यांना पाणी येई, दुपारनंतर टाके दुहेरी दिसत, मग त्या एक डोळा मिटून काम करत. डावी बाजू झाली, अर्धी पाठ झाली आणि हात थांबेना. सुई आपली आपणच पुढे जात राहिली. मॅनेजर आला की त्या उजव्या बाजूवर फडकं टाकत. असं करून त्यांनी कोट पुरा केला. अख्खा, दोन्ही बाह्यांसकट. आणि तो पहिल्यापेक्षा सरस झाला. एकदा बघितला की मॅडमच्या जिवावर येईल जाळायचं, याची त्यांना खात्री होती.

मॅडमनी पुतळ्यावर चढवलेला कोट बघितला. भोवती फिरल्या. गळ्यापाशी बोट टेकवलं, हिरवा जांभळा झाला आणि मॅडमचे डोळे खरोखर भरून आले.

"सुंदर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही पूर्ण का केलात? वेळ गेला ना."

मॅनेजरनं आधी एका चिंधीवर मेणबत्ती धरून बघितली. भोक पडलं आणि कडेला घाणेरडं काजळ. नव्या इस्त्रीवाल्यानं हात झटकले. म्हणाला, हे आपलं काम नव्हे. तेव्हा मॅनेजरच म्हणाला, "कापडाला उष्णता किती द्यायची हे त्या जुन्या माणसाला कळायचं. कुठे असतो तो? काकू, तुमचं बरं होतं त्याच्याशी."

अशा रीतीनं काकू वाफ्याच्या दारात उभ्या राहिल्या. दार बायकोनं उघडलं. तिनं काकूंना ओळखलं, आत या म्हटलं नाही, आणि आत जाऊन म्हणाली, "त्या आल्यात." वाफ्या बाहेर आला. हल्ली तो रुग्णालयाच्या धुलाईत चादरी उकळत होता. हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

काकूंनी वाटेत पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते असं: "एक काम आहे. एका दिवसाचं. कोट जाळायचाय."

वाफ्यानं विचारलं, "कुणाचा?"

"माझाच. पारवा. परत केलाय."

"आणि जाळायला मी."

"तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. बायको आतून फिस्सकन हसली. वाफ्या म्हणाला, "येतो."

कारखान्याच्या गच्चीवर पुतळा नेला. वाफ्यानं ओली फडकी आणली, हातातला गॅसचा बर्नर पेटवून ज्योत बारीक केली. कुठवर जाळायचं ते मॅडमनी खडूनं आखून दिलं होतं: पुरा कोट बघितल्यावर आता फक्त उजवी बाही आणि खालचा घेर. त्यानं रेषेवर ओलं फडकं दाबून धरलं आणि ज्योत लावली. लोकर भडकत नाही. ती काळवंडते, आक्रसते आणि केस जळल्यासारखी घाण येते. दोरे जळाले तसे मणी सुटून टपटप गच्चीवर पडायला लागले. काही तडकले. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. काम सुरेख चाललं होतं. त्याचा हात जराही हलत नव्हता.

रेषेपर्यंत आला आणि थांबला. मॅडम म्हणाल्या, "वा."

वाफ्यानं काकूंकडे बघितलं. मग फडकं उचललं आणि वर सरकवलं, पाठीवर, जिथे राखाडीतून हिरवा फुटत होता तिथे. ज्योत तिकडे नेली.

"अरे, रेषा," काकू म्हणाल्या.

"बघू दे त्याला," मॅडम म्हणाल्या. "छान दिसतंय. अजून थोडं."

त्यानं अजून थोडं केलं. सावकाश, घाई न करता. हिरवा गेला, जांभळ्याची कड गेली. काकू पुढे आल्या नाहीत. त्यांच्या घशापर्यंत शब्द आले होते आणि ते कोटासाठी आले होते की माफीसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यानं ज्योत बंद केली, नळी गुंडाळली आणि फडकी पिळून वाळत टाकली.

"हे मी जाळलंय," तो काकूंना म्हणाला. आवाज नेहमीचाच. "ते नव्हतं जाळलं."

आणि निघून गेला.

प्रदर्शनात कोट काचेत उभा होता. वरून दिवा सोडला होता. खाली लिहिलं होतं, 'आगीतून वाचलेला कोट', आणि मॅडमचं नाव. लोक समोर येऊन गप्प होत. एक म्हातारी बाई डोळे पुसत होती, तिनं शेजारी उभ्या असलेल्या काकूंना सांगितलं, "हे करणारीच्या जिवाला काय वाटलं असेल हो." काकू म्हणाल्या, "त्या बघा, तिकडे उभ्या आहेत." म्हातारी मॅडमकडे गेली, दोघी गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या. लोकांनी फोटो काढले.

पुढे आणखी दोन शहरांतून मागणी आली आणि मॅडमना कोट प्रवासात पाठवायचा नव्हता. दोन नवे करायचे ठरले. या वेळी काकूंनी डावी बाजू आणि अर्धी पाठ एवढंच केलं. जळायचं तिथे नुसती लोकर सोडली, कडेला चार ओळी मणी, दिसायला पुरतील एवढे. जाळायलाही कुणाला बोलावलं नाही. वाफ्यानं फडकं कसं दाबलं, ज्योत किती लांब धरली, हे त्यांनी गच्चीवर नीट बघून ठेवलं होतं. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "आता आपल्याला जमायला लागलं."

एका संध्याकाळी काकू बसथांब्यावर उभ्या होत्या. वाफ्या तिथेच रांगेत होता, हातात डबा. त्यानं आधी बघितलं नाही असं केलं, मग बघितलं.

"काम आहे ना, काकू?"

"आहे."

"करायचं की जाळायचं?"

"दोन्ही."

तो हसला, पण ते हसू डोळ्यांत पोचलं नाही. बस आली. तो चढला आणि खिडकीशी बसला. शेजारची जागा रिकामी होती. कंडक्टर काकूंना म्हणाला, "चला आजी, जागा आहे." काकू म्हणाल्या, "मागून येते." बस सुटली. पुढची बराच वेळ आली नाही, आणि त्या उभ्याच होत्या.